नखावरची परीक्षा आणि सोन्याची निब

जुनी पेनं गोळा करणाऱ्यांच्या बोलण्यात गेल्या काही वर्षांत एक शब्द फार रुळला आहे: फ्लेक्स. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या घरी आजोबांच्या कपाटातून काळं पेन निघालं, की पूर्वी लोक विचारायचे, ‘चालतं का?’ आता विचारतात, ‘निब सोन्याची आहे का? आणि वाकते का?’ विकणारेही त्यात तयार झाले आहेत. टोपण काढायचं, निब अंगठ्याच्या नखावर टेकवायची, दाबायची, दोन पाती फाकली की ‘बघा साहेब, एकदम फ्लेक्स’ म्हणायचं आणि दुप्पट भाव सांगायचा.

या व्यवहारामागे एक मत आहे, आणि त्याचं खंडन करायचं तर आधी ते धडपणे मांडलं पाहिजे. मत असं: जुन्या काळी निबा सोन्याच्या असत, सोनं मऊ, म्हणून त्या लवचीक असत, लवचीक निबेनं जाड-बारीक रेघ उमटते, म्हणूनच मागच्या पिढीचं अक्षर मोत्यांसारखं होतं, आणि बॉलपेन आलं तसं ते वळण गेलं. ऐकायला हे इतकं गोड लागतं, की यातली एकेक कडी कुणी ओढून बघत नाही. ओढली तर पहिली अर्धी तुटते, मधली वाकते आणि शेवटची हातातच येते.

सोन्यापासून सुरुवात करू. शुद्ध सोनं मऊ असतं हे सराफाकडे जाणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पण मऊ वस्तू वाकली की वाकलेलीच राहते. लवचीक वस्तू सोडली की जागेवर येते. चेपलेली अंगठी आपण होऊन पुन्हा गोल होत नाही. निबेला हवी असते ती स्प्रिंग, आणि म्हणूनच पेन बनवणारे शुद्ध सोन्याच्या वाटेला गेले नाहीत. बहुतेक जुन्या निबा १४ कॅरेटच्या, म्हणजे ५८.५ टक्क्यांच्या आसपास सोनं आणि बाकी मुख्यतः तांबं-चांदी. या मिश्रधातूचा पत्रा लाटताना, ठोकताना आणखी कडक होतो. निबेत जी काही उसळी असते ती या कडकपणातून येते, मऊपणातून नव्हे.

मग सोनं घातलं कशासाठी? शाईसाठी. मायफळ आणि हिराकस यांच्यापासून केलेली जुनी टिकाऊ शाई आम्लधर्मी असे. पोलादाची निब तिच्यात काही दिवसांत गंजून जाई. टाकाची निब स्वस्त, ती फेकून दुसरी लावता येई. पण फाउंटन पेनाची निब रात्रंदिवस शाईत असायची. सोन्याला त्या शाईचं काही होत नाही. मात्र कागदावर घासून ते झिजतं, म्हणून टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा दाणा जोडावा लागला. सोनं गंज टाळायला होतं. लवचिकपणा हा वेगळा मामला.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. सारख्याच मापाच्या दोन पट्ट्या घेतल्या, एक पोलादाची आणि एक १४ कॅरेट सोन्याची, तर सोन्याची पट्टी जवळपास निम्म्या जोरात तेवढीच वाकेल. इथवर बरोबर आहे. पण निबेचं प्रत्येक पातं म्हणजे एका टोकाला घट्ट धरलेली पट्टी, आणि अशा पट्टीचा हिशेब निराळा असतो. तिची जाडी निम्मी केली तर तितकंच वाकवायला आठव्या हिश्श्याचा जोर पुरतो. लांबी दुप्पट केली तरी तेच. म्हणजे धातू बदलून दुपटीचा फरक पडतो, तर कारागिरानं पत्रा किती पातळ ठेवला, खांदे किती मागे कापले, पाती किती लांब सोडली यानं आठपटीचा. निब लवचीक होते ती तिच्या घडणीमुळे. कॅरेटचा आकडा पाहून ते ओळखायला जाणं म्हणजे उगाच तर्क लढवणं.

उदाहरणं दोन्ही बाजूंची आहेत. बर्मिंगहॅमच्या गिलॉटची ३०३ क्रमांकाची टाकाची निब संपूर्ण पोलादाची. पण तिच्याइतकी फाकणारी सोन्याची निब शोधावी लागेल. अमेरिकेच्या एस्टरब्रुकनं आपल्या साध्या पेनांसाठी ९१२८ क्रमांकाची, स्क्रूसारखी फिरवून बसवायची पोलादी निब काढली, तीही लवचीक. उलट शेफरनं १९२० साली ‘लाइफटाइम’ निब आणली ती जाड सोन्याची आणि मुद्दाम ताठ, कारण आयुष्यभराची हमी द्यायची होती. १९४१ ची पार्कर ५१ घ्या. निब सोन्याची, पण नळीसारखी वळवून आवरणाखाली दडवलेली. ती वाकवायला जाणं हा वेडेपणा. आजच्या जपानी सेलरच्या २१ कॅरेटच्या निबा तर सोन्यानं आणखी श्रीमंत, आणि बहुतेक घट्टच.

आता आपल्या भागाकडे येऊ. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी १८५३ साली आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि पुढच्या शंभर वर्षांत ठाणे, डोंबिवली, कल्याण ही मुंबईच्या कचेऱ्यांत फायली लिहिणाऱ्यांची गावं झाली. या माणसांना पेन लागायचं ते दिवसभर नोंदी करायला, खतावण्या भरायला, कार्बन लावून प्रती काढायला. कार्बनमधून खालच्या कागदावर अक्षर उतरवायचं तर निब ताठच हवी. लवचीक निब दाबली की वरच शाईचं तळं. पेन कंपन्या अशा कामासाठी ‘मॅनिफोल्ड’ नावाच्या खास ताठ निबा विकत असत. ज्याला नोकरीत लिहायचं होतं, त्याच्या खिशातलं पेन ताठ निबेचं असण्याचीच शक्यता जास्त.

शिवाय काळाचा हिशेब बघा. लवचीक निबांचा भर दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा. इंग्लिश पेनांत, म्हणजे मेबी टॉडच्या स्वान आणि ब्लॅकबर्डमध्ये, कॉनवे स्ट्यूअर्टमध्ये त्या थोड्या उशिरापर्यंत मिळतात, पण तेवढंच. १९५० नंतर नोकरीला लागलेल्या आजोबांचं पेन पार्कर असेल, विल्सन असेल, पुढे चिनी हिरो असेल. या पेनांवर माझा जीव आहे. हिरोच्या निबेसारखी बारीक, बिनतक्रार रेघ क्वचित मिळते. पण ती ताठ आहे आणि ताठ असावी म्हणूनच केलेली आहे. तिला नखावर दाबून फ्लेक्स काढणं म्हणजे चांगल्या पेनाची माती.

यावरूनच मधल्या कडीकडे, म्हणजे निब लवचीक आहे हे ज्यावरून ठरवतात त्या नखाच्या परीक्षेकडे वळतो.

पुरेसा जोर लावला तर कुठलीही निब फाकते. परीक्षा फाकण्याची नसतेच. परत येण्याची असते, आणि ती किती कमी जोरात फाकली याची. नख कठीण आणि गुळगुळीत. त्यावर निब टेकवली की हाताला जोराचा अंदाज राहत नाही, शाई नसल्यामुळे घर्षणही वेगळं, आणि बघणाऱ्याचं सगळं लक्ष फट किती रुंद झाली याकडे. पाती पूर्ण मिटली का, दोन्ही टोकं एका पातळीत आली का, हे कुणी पाहत नाही. अशा दहा परीक्षांत उत्तीर्ण झालेली निब अकराव्या गिऱ्हाइकाच्या घरी शाई सोडेनाशी होते.

डोंबिवलीत टिळकनगरातल्या एका काकूंनी एकदा सासऱ्यांचं पेन आणून दिलं. ‘अहो, जरा बघता का? मुलगा म्हणतो, फ्लेक्स आहे, चांगले पैसे येतील.’ पेन इबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं. मूळ काळा रंग उन्हानं आणि दमटपणानं कॉफीसारखा झालेला, फक्त टोपणाखाली झाकलेला भाग अजून काळाभोर. अंगठ्यानं जरा चोळलं की गंधकाचा वास. अंगावर लहरींची कोरीव नक्षी, बाजूला शाई भरायची पत्र्याची कळ, बुडाला ५२ हा आकडा. म्हणजे वॉटरमन. त्यांच्या जुन्या क्रमांकांत दशकस्थानचा ५ कळीनं शाई भरणारं पेन सांगतो आणि एककस्थानचा २ निबेचं माप. इथवर मुलाचं म्हणणं टिकत होतं, कारण वॉटरमन ५२ लवचीक निबांसाठी नावाजलेलंच आहे.

पण निबेवर वॉटरमनचं नावच नव्हतं. होतं ‘वॉरंटेड १४ सीटी’, म्हणजे कुठल्याही पेनात बसेल अशी सुटी विकली जाणारी निब. मूळची केव्हातरी मोडली असणार आणि दुरुस्तीवाल्यानं ही बसवली असणार. सुट्या निबाही कधी कधी उत्तम लवचीक निघतात, म्हणून घड्याळजीचं भिंग लावलं. मधल्या गोल छिद्राच्या कडेपासून खांद्याकडे केसाइतकी बारीक चीर गेलेली. उजवं पातं डाव्यापेक्षा किंचित वर, आणि दोन्ही पाती खालच्या, शाई पुरवणाऱ्या काळ्या जिभेपासून सुटलेली. ही निब वाकत होती खरी, पण मोडायला आल्यामुळे. मुलानं नखावर दाबून पाहिलं होतं का, असं मी विचारलं नाही. काकूंना मात्र सांगितलं, की पेनाचं अंग, टोपण आणि जीभ चांगली आहेत, ते तसंच जपा. आणि निबेत सोनं ग्रॅमभरही नाही, तेव्हा ती मोडीत घालायच्या भानगडीत पडू नका.

मग लवचीक निब ओळखायची कशी? आधी डोळ्यांनी. पाती लांब आणि खांदे उतरते असतील, बाजूनं पाहताना छिद्राजवळ पत्रा पातळ होत गेलेला दिसेल, तर आशा धरावी. रुंद खांद्यांची, आखूड, जाड निब बहुधा ताठ. वॉटरमनच्या ७ क्रमांकाच्या काही पेनांत निबेवर रंगाचं नाव कोरलेलं असतं. त्यात ‘पिंक’ म्हणजे लवचीक आणि बारीक. स्वानवर असली सोय नाही, तिथे भिंगच कामाला येतं. भिंगातून फट पाहा: टोकाशी ती मिटलेली हवी, छिद्रापासून टोकापर्यंत निमुळती होत आलेली. चीर बघायची ती दोन जागी, छिद्राच्या कडेला आणि खांद्यावर.

त्यानंतर कागद. पेनात शाई भरायचीही गरज नाही. निब दौतीत बुडवून काढली तरी पुरते. चांगल्या गुळगुळीत कागदावर पेन केवळ त्याच्या वजनानं ओढा. केसासारखी रेघ आली पाहिजे. मग फक्त वरून खाली येणाऱ्या उभ्या रेघेत हळूहळू भार द्या, एक मिलिमीटर जाडीपर्यंत, आणि रेघ संपायच्या आत भार काढून घ्या. रेघ लगेच पुन्हा केसावर आली तर निब लवचीक. जाडीवरून बारीक व्हायला रेंगाळली, तर ती फार तर मऊ. भार देताना बोटाचं नख पांढरं पडत असेल, तर ती ताठ आहे आणि तुम्ही तिच्यावर जुलूम करत आहात. भार बरोबर असूनही रेघेच्या मधली शाई तुटून दोन समांतर रेघा उमटू लागल्या, तर दोष निबेचा नाही. जीभ तेवढी शाई पुरवत नाही. याला पेनवाले ‘रेलरोडिंग’ म्हणतात, आणि कल्याण जंक्शनजवळ राहणाऱ्याला तो शब्द समजावून सांगावा लागू नये.

आता शेवटची आणि सर्वांत लाडकी कडी. लवचीक निबेमुळे आपल्या आजोबांचं मराठी अक्षर सुंदर होतं, हे मत मला सर्वांत चुकीचं वाटतं, कारण ते देवनागरीलाच ओळखत नाही.

देवनागरीतला जाड-बारीकपणा बोरूनं घडवला. बोरूचं टोक टोकदार नसतं. ते रुंद असतं आणि तिरकं कापलेलं असतं. हाताचा भार सारखाच राहतो; रेघ कुठल्या दिशेनं जाते यावर तिची जाडी ठरते. तिरक्या कापामुळे उभा दंड आणि आडवी शिरोरेघ दोन्ही भरदार येतात, आणि बारीकपणा येतो तो एका बाजूच्या तिरप्या फटकाऱ्यात. इंग्रजी रुंद निबेचा काप याच्या उलट दिशेचा, म्हणून तिथे भार उलट्या तिरप्या रेघेवर पडतो. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांत जे देखणं देवनागरी दिसतं, त्याच्या पाठीशीही हाच बोरूचा काप आहे.

टोकदार लवचीक निब जन्मली ती दुसऱ्याच लिपीसाठी. इंग्रजी कॉपरप्लेटमध्ये अक्षरं उजवीकडे चांगलीच कललेली असतात. खाली येताना भार, वर जाताना हलका हात, आणि कललेल्या अक्षरामुळे भाराची प्रत्येक रेघ निबेच्या फटीच्या दिशेनंच धावते. म्हणून दोन्ही पाती समान फाकतात. देवनागरीत काय होतं ते ‘कल्याण’ हा शब्द लवचीक निबेनं लिहून पाहावं. काना आणि ‘ण’चा दंड जाड येतील, छान वाटेल. मग शिरोरेघ ओढायची वेळ येते. ती आडवी, फटीला काटकोनात. भार न दिला तर शिरोरेघ दोऱ्यासारखी बारीक राहते आणि खालचे दंड तिच्यापेक्षा चौपट जाड, म्हणजे बोरूनं दिलेला तोल पार उलटतो. भार दिला तर एकाच पात्यावर जास्त ओढ येते आणि पाती एकमेकांवर चढतात. ‘क’चं पोट, ‘ह’चं खालचं वळण, वेलांट्या यांत निब वर किंवा डावीकडे ढकलावी लागते; तिथे ती कागदात रुतते आणि शाई उडवते. ‘म’ आणि ‘भ’ यांच्या गाठी ओल्या शाईनं भरून जातात. थोडक्यात, या निबेनं मराठी लिहिता येतं, पण निबेच्या कलानं लिहावं लागतं, लिपीच्या नव्हे.

मग ती जुनी अक्षरं कशानं लिहिली होती? पुष्कळशी बोरूनं आणि टाकानं. शाळेत धुळपाटीवर आणि पाटीवर गिरवून, कित्ता समोर ठेवून, मास्तरांच्या नजरेखाली. हात घडला तो तिथे. पुढे तोच हात ताठ निबेच्या पेनानंही चांगलं लिहायचा, फक्त जाडी-बारीकी जाऊन रेघ एकसारखी व्हायची. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: गिचमिड अक्षरातली पत्रं कुणी ट्रंकेत जपून ठेवली नाहीत. जी उरली ती देखणी, आणि त्यांवरून आपण सगळी पिढी सुंदर अक्षराची ठरवून टाकतो.

हे तपासायला साधा मार्ग आहे. घरातली एखादी जुनी रोजनिशी काढा. किंवा कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या १८६४ पासून उभ्या असलेल्या किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९३ च्या संस्थेत जुन्या हातच्या नोंदी बघायला मिळाल्या तर तिथे भिंग घेऊन जा. भारानं जाड झालेली रेघ मध्ये फुगते आणि दोन्ही टोकांना निमुळती होते. तिच्या दोन्ही कडांना पात्यांनी कागदावर ओढलेले बारीक चर दिसतात. कापलेल्या टोकाची रेघ तशी नसते. तिची सुरुवात आणि शेवट तिरक्या कडेनं, जणू सुरीनं कापल्यासारखा. एकाच माणसाच्या वहीत इंग्रजी पत्ता फुगीर रेघांत आणि मराठी मजकूर सपाट रेघेत सापडला, तर नवल मानू नका. दोन लिप्या, दोन शिकवण्या.

ज्यांच्याकडे खरोखर चांगली लवचीक निब आहे त्यांच्यासाठी थोडं. साधी धुऊन जाणारी निळी शाई वापरा, आपली कॅमलची चालते. चित्रकारांची वॉटरप्रूफ शाई पेनात कधीही भरू नका, ती जिभेतल्या चरांत सुकली की संपलं. कळ हलत नसेल तर जोर करू नका, आतली रबरी पिशवी दगड झालेली असते आणि कळच तुटते. इबोनाइट पाण्यात भिजत ठेवलं की रंग उडतो, गरम पाण्यात तर हमखास. काही जुनी इंग्लिश पेनं दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या केसीनची असतात. ती पाण्यात फुगतात, म्हणून निब आणि जीभ काढून तेवढीच धुवावी. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत शाई भरून पेन कपाटात टाकू नये. आणि लोकलमध्ये ते खिशातून काढूच नये, हे वेगळं सांगायला नको.

माझा निकाल असा. मराठी लिहिण्यासाठी जाड-बारीक रेघ हवी असेल, तर लवचीक निबेवर हजारो रुपये घालू नका. कट निबेचं साधं पेन घ्या, किंवा बोरू कापायला शिका. इंग्रजी कॉपरप्लेटची आवड असेल, तर आधी लाकडी दांडा आणि पोलादी टाकाच्या निबा आणा. त्या स्वस्त असतात, शिकताना मोडल्या तरी हळहळ वाटत नाही. भार कुठे द्यायचा आणि कुठे काढायचा हे हाताला कळलं, की मगच जुन्या वॉटरमनला किंवा स्वानला हात लावा.